पायरीशेजारचा दगड

"ते वाचायला कोण येतं, भाऊ?" रंगाचा डबा खाली ठेवत रंगारी म्हणाला, तेव्हा आमच्या गावच्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चच्या कोनशिलेवर तैलरंगाचा दुसरा हात बसून गेला होता.

कडेचा रंग सुकला होता. तिथे बोट फिरवले, तर वर्षाचे आकडे काही उमटले नाहीत. 'पूर्व खानदेश' एवढी अक्षरे मात्र स्पष्ट लागली. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, म्हणजे हा दगड त्याआधीचा असणे शक्यच नाही. गावात मात्र सगळे ही इमारत दीडशे वर्षांची असल्याचे सांगतात, आणि मीही आजवर पाहुण्यांना तेच ठासून सांगत आलो.

मंडळी, म्हणजे चर्चमध्ये जमणारा भाविकांचा समुदाय, इमारतीहून जुनी असू शकते, हे खरे. विल्यम टेलर हा अमेरिकी मेथडिस्ट प्रचारक १८७० मध्ये भारतात आला आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत त्याच्या सभांमधून मुंबईत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या मिशनच्या पैशावर नव्हे, तर स्वतःच्या वर्गणीवर चालाव्यात असा त्याचा आग्रह होता. अशा मंडळ्यांची प्रार्थना आधी कोणाच्या तरी घरात भरे. भिंती मागाहून येत.

इथेही तसेच घडले असेल का? उत्तर त्या दगडावरच असेल. तैलरंग पेंट रिमूव्हरने निघेल, पण अक्षरांच्या खाचांत बसलेला जुना चुना दगडाला इजा न करता कसा काढावा, हे कोणी सांगू शकेल काय?