पहिली डॉक्टर कोण?

31 मार्च हा आनंदीबाई जोशींचा जन्मदिवस. आमच्या रुग्णालयाच्या कार्यालयात मार्चअखेरची धावपळ चालू होती, पण ओपीडी आटोपल्यावर आम्ही प्रसूती विभागातल्या सगळ्यांनी ‘पहिले कोण?’ हा खेळ मांडलाच. प्रश्न काढणारी मी. सुरुवात सोपी ठेवली: पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण?

‘आनंदीबाई!’ दोन्ही गट एकदम ओरडले. फक्त आमचा बाँडवर आलेला बंगाली डॉक्टर म्हणाला, ‘सिस्टर, आमच्याकडे याचं उत्तर कादंबिनी गांगुली असं देतात.’

वाद रंगला. दोघींचं साल एकच, 1886. आनंदीबाईंनी पदवी घेतली अमेरिकेत, फिलाडेल्फियाला. कादंबिनी शिकल्या कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात. महिना-तारखेवरून चढाओढ चालली असताना कोपऱ्यात कापसाचे बोळे करत बसलेल्या आमच्या मावशींनी विचारलं, ‘पण पेशंट आधी कुणी तपासले?’

सगळे गप्प झाले. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षावर नेमणूक झाली होती. पण त्या परतल्या त्याच क्षयाने खंगून, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. वय अवघं एकवीस. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत दगावलं होतं, आणि डॉक्टर होण्याची जिद्द तिथून धरली होती. रोज बाळंतिणी बघणाऱ्या मला हे सांगताना फार जड गेलं. कादंबिनींनी मात्र पुढे कितीतरी वर्षं व्यवसाय केला. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्याच.

‘आणि रखमाबाई?’ एका इंटर्नने विचारलं. त्या 1894 मध्ये लंडनहून डॉक्टर झाल्या, म्हणजे क्रमाने मागे. पण सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली, आणि माझ्या मते धैर्यात त्यांचा नंबर कुणाच्याही मागे नाही. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं. मोठेपणी नांदायला जायला त्यांनी नकार दिला. 1887 मध्ये कोर्टाने बजावलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैदेची तयारी दाखवली! शेवटी पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या.

गुण मी मावशींच्या गटाला दिले. दुसरा प्रश्न काही विचारता आला नाही, कारण लेबर रूममधून हाक येईपर्यंत मुली रखमाबाईंच्या खटल्याबद्दलच विचारत राहिल्या.