गारठलेली गिटार

जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे ५ अंश. मिशिगनमध्ये कॅलमझूजवळ माझं गिटारदुरुस्तीचं दुकान आहे. दिवे लावतोय तोच साठीचे एक गृहस्थ गिटारच्या दोन पेट्या (केस) घेऊन आत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मला फसवलंय."

दोन्ही गिब्सन कंपनीच्या, लेस पॉल मॉडेलच्या सोनेरी इलेक्ट्रिक गिटार, इथल्याच पार्सन्स स्ट्रीटवरच्या कारखान्यात बनलेल्या. एक १९५६ ची, त्यांच्या वडिलांची. दुसरी १९५७ ची, आठवड्यापूर्वी घेतलेली, आणि तिच्यात त्यांची बरीच वर्षांची बचत गेली होती. विकणाऱ्याने कागदावर लिहून दिलं होतं : ब्रिजजवळच्या पिकअपचा, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या कॉईलच्या भागाचा, रोध ८.१ किलोओहम. यांनी काल रात्री गॅरेजमध्ये मोजला तर ७.१७ भरला. म्हणजे कॉईल नंतर कुणीतरी पुन्हा गुंडाळलेली असणार, नाहीतर आत वेढे शॉर्ट झालेले असणार. "कव्हर उघडा आणि बघा," ते म्हणाले.

ते उघडायला माझं मन धजेना. या पिकअपचं कव्हर खालच्या पत्र्याला दोन ठिकाणी सोल्डरचा डाग देऊन बसवलेलं असतं. तो कारखान्यातला डाग शाबूत असणं हाच अस्सलपणाचा मोठा पुरावा. एकदा वितळवला की गेला.

मी इचलकरंजीचा. अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, यंत्रमागाच्या मोटारी यायच्या. शाळेतून आलो की मी तिथेच. नुकती बंद केलेली मोटार मी मीटरला लावली की अण्णा ओरडायचे, "गरम वाइंडिंग मोजू नगंस, गार हुंदे." तांबं तापलं की रोध वाढतो, आकडा खोटा येतो. मी केसवर हात ठेवला. बर्फासारखी.

"गॅरेजमध्ये हीटर आहे?"

"नाही."

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के बदलतो. उबदार खोलीतले २१ अंश आणि गॅरेजमधले उणे ५, फरक २६ अंशांचा. ८.१ चे होतात ७.२७. शिवाय यांनी मोजलं होतं गिटारच्या जॅकमधून, म्हणजे अँपची वायर खोचतात तिथून, तेव्हा आवाज कमीजास्त करायचा ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट समांतर जोडलेला. उरले ७.१७. कागदावर आकडेमोड करून दाखवली, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही. बरोबरच होतं. हिशेब जुळला तरी खात्री मोजूनच करायची असते.

पण लगेच मोजता येईना. गारठलेली गिटार एकदम उबेत काढली तर तिच्यावरच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या पॉलिशला चिरा पडतात. केस बंदच ठेवून आम्ही दुपारपर्यंत थांबलो. हा वेळ मला फार मोलाचा वाटला, कारण त्या दोन केसमध्ये जे होतं ते एकत्र क्वचितच बघायला मिळतं : लाकूड तेच, ब्रिज तोच, कारखाना तोच, बदलला तो फक्त पिकअप.

५६ मध्ये पी-९० नावाचा पिकअप. एकच रुंद, चपटी कॉईल, केसाएवढ्या बारीक तारेचे सुमारे १०,००० वेढे, खाली दोन चपटी चुंबकं. गिटारच्या तारांचा कंप ही कॉईल पकडते, आणि ट्यूबलाइटची, वायरिंगची घूंही तितक्याच आवडीने पकडते. ती घूं घालवायला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी जोड कॉईल काढली, तीच ५७ मध्ये. दोन्ही कॉईल उलट गुंडाळीच्या, चुंबकाची टोकंही उलट. तारांचा संदेश दोन्हीकडून मिळून वाढतो, विजेची घूं एकमेकींना मारते. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. त्या सुमाराच्या बहुतेक पिकअपांच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असं छोटं काळं लेबल, म्हणून जग त्यांना पीएएफ म्हणतं. पुढे लेबलवर पेटंट क्रमांक आला तोही या पिकअपचा नव्हता, तारा अडकवायच्या टेलपीसचा होता!

विकत घेणाऱ्यांना मी कळकळीने एक सांगतो. त्या काळात वेढ्यांची संख्या काटेकोर नव्हती. एका पीएएफचा रोध दुसऱ्याशी जुळत नाही, एकाच पिकअपमधल्या दोन कॉईलही जुळत नाहीत, आणि त्यातल्या काहींचा मोकळा, चमकदार आवाज त्या विषमतेतूनच येतो. आकड्यावरून आवाज ठरवू नका.

अडीचला केस उघडली. तोच जॅक, तोच मीटर. ७.९७. पॉटचा हिशेब धरला की ८.१. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग खाली बसले.

त्यानंतर तासभर आम्ही दोन्ही गिटार एकाच अँपवर वाजवल्या. ५६ लावली की अँप आधी घूं करायचा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. अण्णांच्या दुकानातली घूं पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर असायची, इथली काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध. पंधरा वर्षं झाली तरी कानाला ती परकी वाटते. खुर्ची थोडी फिरवली की पी-९० शांत होतो, आणि मग सूर असा येतो की तारेवर नख लागलेलंही ऐकू यावं. ५७ वर घूं नाहीच. आवाज भरदार, गोल. वरच्या तारा गोड, पण ती खरखरीत धार गेलेली. मला विचाराल तर एकट्या गिटारला ५६, आणि मोठ्या आवाजात इतरांसोबत वाजवायला ५७. त्यांनी मात्र वडिलांची गिटार मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

संध्याकाळी पावती लिहिताना ते म्हणाले, "आकड्याशेजारी तापमानही लिहा." मी लिहिलं : ८.१ किलोओहम, २१ अंश सेल्सिअस, कव्हर उघडलेलं नाही.

इचलकरंजीत तेव्हा पहाट होती. अण्णा उठलेले असणार म्हणून फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तार किती गेजची?"