तुम्ही विचारलंत म्हणून : फरा, पोटरी आणि 40 पैकी 9

बारावीचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात कंबर-गुडघ्यांबरोबर एक प्रश्नही यायला लागतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मशीन लावून पालथी पडलेली बाई उशीतूनच विचारते, "मॅडम, तुम्ही पण झेडपीच्याच शाळेतल्या ना? मग ते हाडांचं इंग्रजी कसं झेपलं? आमच्या पोरीला पाठवावं का?" मशीन वाजायला दहा मिनिटं असतात. तेवढ्यात मी "होतं हो सवयीनं" म्हणून सुटते. पण ते काही खरं उत्तर नाही. खरं लांबलचक आहे, म्हणून लिहूनच काढते.

पहिलं म्हणजे, झेपलं नव्हतं. फर्स्ट इयरच्या पहिल्या इंटर्नलला अ‍ॅनाटॉमीत मला 40 पैकी 9 पडले. बारावीला बायोलॉजीत वर्गात पहिली आलेली मी! अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतच असतं, पण ते क्लासच्या नोट्सचं इंग्रजी. बोर्डाला पाठ केलेलं उतरवायचं, नीटला गोल काळे करायचे. इथे पेपरात ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हजचं जाळं, आकृतीसह लिहा म्हणाले आणि मी कोऱ्या पानाकडे बघत बसले. वर्गात सर 'पॅन्क्रियाज' म्हणाले की माझ्या डोक्यात आधी 'स्वादुपिंड' उमटायचं, मग दहावीच्या पुस्तकातलं चित्र, मग पुन्हा इंग्रजी. तोवर सर स्प्लीनवर पोचलेले.

बरं, स्वादुपिंड तरी कुठे माझ्या घरचं होतं? वृक्क, प्रमस्तिष्क, अस्थिबंध. माझ्या आईनं उभ्या जन्मात यातला एक शब्द तोंडातून काढलेला नाही. मी एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत उड्या मारत होते आणि दरवेळी मधल्या खड्ड्यात पडत होते.

मग खांद्याचा डेमो आला. आम्हा फिजिओच्या मुलांना स्वतः विच्छेदन करायला मिळालं नाही. आधीच सोडवून ठेवलेले भाग दाखवायचे आणि हाडं हातात द्यायचे. मॅडमनी एक चपटं, तिकोनी हाड वर धरलं आणि विचारलं, हे काय? माझ्या तोंडून निघून गेलं, "फरा."

वर्ग फुटलाच. मॅडम म्हणाल्या, "मटणाचा?" मी मान हलवली. घरी कापतात का, तर हो, जत्रेला काका बोकड सोलतात आणि परात मी धरते. "मग सांग, बोकडाचा फरा कुठे असतो आणि हा कुठे?" मी म्हटलं, त्याचा छातीच्या बाजूला उभा असतो, आपला पाठीवर. "बरोबर. आता सांग, इथलं कुठलं हाड बोकडाला नसतंच?" मी परातीतलं सगळं एकेक आठवलं. मान, चाप, फरा, नळी. गळ्याखालचं हे आडवं हाड मी कधीच धुतलेलं नव्हतं.

क्लॅव्हिकल. बोकडाला क्लॅव्हिकल नसतं. त्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या मांसानं बांधलेला असतो, म्हणून तर काका तिथे सांधा शोधत बसायचे नाहीत. सुरी आत घालून फिरवली की अख्खा पाय फऱ्यासकट मोकळा. मागच्या पायाला मात्र खुब्याचा सांधा सोडवताना घाम निघायचा. माणसाचा हातही धडाशी हाडानं जोडलाय तो एकाच ठिकाणी, छातीच्या हाडापाशी, या क्लॅव्हिकलनंच. ही काडी खांद्याला बाहेर रेटून धरते, म्हणून आपला हात बाजूला फाकतो, डोक्यावरचा हंडा धरता येतो. आणि मोटरसायकलवरून खांद्यावर पडलं की पुष्कळदा हीच काडी मोडते. हे मी त्या दिवशी पाठ केलं नाही, तरी आजपर्यंत विसरले नाही.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले. एकात कॉलेजचं नाव, दुसऱ्यात त्या नावाचा मूळ अर्थ, तिसऱ्यात आईचा शब्द. दुसरा रकाना भरायला लागले तेव्हा मला जरा रागच आला. इतके दिवस ज्या नावांना मी घाबरत होते ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलीच निघाली. खुब्याच्या खोबणीला अ‍ॅसिटॅब्युलम म्हणतात, म्हणजे रोमन लोकांची व्हिनेगरची वाटी. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, हे लॅटिनमध्ये पाव्यासारख्या वाद्याचंही नाव. आमचा मटणवाला पायाच्या हाडाला नळी म्हणतो, त्याला कुणी लॅटिन शिकवलं? आणि सगळ्यात कहर म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. हा शब्द लिहिताना माझं स्पेलिंग हमखास चुकायचं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पायाचं पोट. आई काय म्हणते? पोटरी!

मनगटातल्या आठ हाडांसाठी सगळं हॉस्टेल एक चावट इंग्रजी वाक्य घोकत होतं. ते इथे लिहीत नाही, तुमच्या पोरीला सिनियर सांगतीलच. मी पहिली ओळ होडी, चंद्र, तिकोन, वाटाणा अशी केली : स्कॅफॉइड होडीसारखं, ल्युनेट चंद्रकोरीसारखं, ट्रायक्वेट्रम तीन कोनांचं आणि पिसिफॉर्म म्हणजे शब्दशः वाटाण्याच्या आकाराचं. दुसऱ्या ओळीच्या टोकाला हॅमेट, त्याला आकडा आहे, चिंचा ओढायच्या काठीला असतो तसा.

पण आईची भाषा सगळीकडे कामाला आली नाही, हेही सांगायला हवं. आमच्याकडे रक्त वाहतं तीही शीर, मुंग्या येतात तीही शीर आणि टाचेमागची जाड दोरीही शीरच. काळजाचं तर विचारूच नका. गाण्यात ते धडधडतं, मटणाच्या दुकानात मात्र काळीज द्या म्हटलं की लिव्हर मिळतं. कोपराच्या खळग्याच्या स्पॉटिंगला मी यातच अडकले. टाचणी टोचलेल्या दोरीचं नाव लिहायचं, मिनिटाला घंटा, की पुढच्या ट्रेकडे सरकायचं. तिथे बायसेप्सचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, त्याच्या आतल्या बाजूला आर्टरी, म्हणजे रक्ताची नळी, तिच्या आत मीडियन नर्व्ह, अशा तिन्ही दोऱ्या शेजारी शेजारी, फॉर्मलिननं एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. मला तिन्ही शिराच दिसत होत्या. नंतर डिसेक्शन हॉलमधल्या मामांनी दाखवलं, चिमटीत धरून बघ. पोकळ असून दाबली जाते ती आर्टरी. भरीव, चेपत नाही ती नर्व्ह. चकाकते आणि ओढली की वरचं मांस हलतं ते टेंडन. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवायचा, हे मामांनी शिकवलं. आमच्या धंद्यात तर तेच लागतं.

मढ्याची भीती वाटली नाही का, असंही काहीजणी हळूच विचारतात. फॉर्मलिननं डोळे इतके चुरचुरतात की पहिल्या दिवशी भीती वाटायला सवडच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला त्या टेबलावरच्या आजोबांच्या टाचा दिसल्या. भेगाळलेल्या, अगदी माझ्या वडिलांच्या असतात तशा. त्या दिवशी मेसमध्ये जेवले नाही.

फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीर चालतं कसं त्या विषयात, रकान्यांची युक्ती चालली नाही, कारण तिथे हातात धरायला काही नसतं. किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटर लघवीवाटे सोडून बाकी सगळं परत घेतात, एवढं एक वाक्य मला वाचताक्षणी पटलं. मार्च संपला की आमच्या गावाला टँकर लागतो. बाकी आकृत्यांमधले बाण बघता बघता मला झोप यायची. लेक्चरला झोप, जर्नल लिहिताना झोप, हॉस्टेलचे दोन जिने चढले की धाप. मला वाटायचं, इंग्रजीमुळे.

मग हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल झालं. साहलीची जुनी पद्धत. काचेच्या नळीत खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, बोटाला टोचून बारीक पिपेटनं ओढलेलं रक्त त्यात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं. मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत शेजारच्या ठरावीक रंगाच्या काचांशी जुळवत जायचं. रंग जुळला तिथला आकडा वाचायचा. माझा रंग पाच-सहा थेंबांतच जुळला. 8.4. मी चुकले म्हणून परत केलं, बोट पुन्हा टोचलं. परत तेवढंच. बायकांत 12 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, हे त्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि मी ते हिरव्या शाईनं अधोरेखितही केलं होतं! आमच्या टेबलावरच्या सहाजणींत एकच 12 च्या वर निघाली.

तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. दुसऱ्या इंटर्नलला बाणांच्या आकृत्या उलगडायला लागल्या. त्यातलं किती मी मेहनतीनं मिळवलं आणि किती गोळ्यांनी, ते आता वेगळं काढता येत नाही. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत दोन्ही विषय पहिल्या फटक्यात सुटले.

तर पोरीला पाठवा. पण आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या; मराठी माध्यमाचं आपण नंतर बघू. आणि सुट्टीत एकदा दवाखान्यात घेऊन या. सिनियरकडून घेतलेला हाडांचा सेट माझ्याकडे अजून आहे. दोऱ्यात ओवलेला हात आहे त्यात; हॉस्टेल सोडताना दोरा तुटला आणि त्याचं पिसिफॉर्म कुठेतरी गडगडत गेलं. त्या जागी मी वाळका वाटाणा ओवलाय. शिकायला येणाऱ्या एकाही पोराच्या अजून लक्षात आलेलं नाही.