ना कोमल, ना शुद्ध

परवा माळ्यावरची जुनी पेटी काढली आणि ब्लूजमधला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांमधला, तो गंधार शोधत बसलो, अर्धा तास गेला, सापडलाच नाही. म्हणजे बघा, सा पांढरी एक धरला तर कोमल गंधार काळी दोन आणि शुद्ध पांढरी तीन, आणि ब्लूज गाणारे जो सूर लावतात तो या दोघांच्या मधल्या फटीत कुठेतरी. तिथे पेटीत काहीच नाही. पियानोवाल्यांचीही हीच पंचाईत, मग ते काळीवरून पांढरीवर बोट घसरवतात नाहीतर सरळ दोन्ही एकदम दाबतात. गिटारवाल्यांचं बरंय, तार ओढली की झालं.

किंवा सुरी घ्यायची. साधारण १९०३ मधली गोष्ट, मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या फुटकळ स्टेशनावर डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्तर पेंगत बसलेला, गाडी नऊ तास लेट (आपल्यालाही हेवा वाटावा), जाग आली तर शेजारी एक काळा माणूस, अंगावर चिंध्या, बुटातून पाय बाहेर डोकावतायत, आणि गिटारच्या तारांवर सुरी दाबून गातोय. काय गातोय, तर दोन रेल्वेलाइनी जिथे एकमेकींना छेदतात तिथे मी चाललोय. बस. तीच ओळ तीनदा.

पुढे ब्लूजचा साचाच ठरून गेला, एक ओळ, परत तीच, मग तिसरी उत्तरासारखी. पण मला खरी मजा वाटते ती ओळ संपल्यावरच्या रिकाम्या जागेची. शब्द लवकर संपतात आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. कापसाच्या शेतात एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची ही जुनी रीत, आता माणूस एकटाच बसलाय म्हटल्यावर उचलणार कोण, गिटारच ना!

न्यू ऑर्लिन्समध्ये हेच सूर ब्रासबँडच्या हाती लागले आणि जॅझमध्ये नाचायला लागले. आपल्यापर्यंत ते गोव्याच्या वादकांनी आणले, सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता, त्याचा ट्रम्पेट ऐकून पाय हलला नाही तर डॉक्टरला दाखवा.

असो. शेवटी मीपण काळी दोन आणि पांढरी तीन एकदम दाबल्या, भाता जरा जोरात मारला, आणि आतून आईचा आवाज आला, "अरे, एकच दाब की नीट!"