ताईच्या वेण्या
परवा माझी मावसबहीण धरमपेठेतल्या एका पार्लरमधून डोक्याला घट्ट चिकटलेल्या बारीक वेण्या घालून आली, गॅदरिंगसाठी, छान दिसत होत्या पण पार्लरवाली त्याला 'जंगली लुक' म्हणाली म्हणे, ते मला फार लागलं. अगं ताई, त्याला कॉर्नरोज म्हणतात, आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या आई लेकीला घालून देते. 1786 मध्ये आताच्या अमेरिकेतल्या लुइझियानाच्या गव्हर्नरने काळ्या बायकांना केस कापडाखाली झाकायला लावले, तर त्यांनी तेच कापड इतकं देखणं बांधलं की त्याचीच फॅशन झाली! दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाच्या काळात केसांत पेन्सिल खोचून बघायचे, अडकली की माणूस गोरा नाही. आणि अमेरिकेत अशा केसांवरून नोकरी किंवा शाळेत भेदभाव करू नका हा कायदा सगळ्यात आधी कॅलिफोर्नियाने केला, तोही 2019 मध्ये. म्हणजे ज्यांच्या वेण्या त्यांना शिक्षा, अन्‌ दुसऱ्याने घातल्या की स्टाइल. दीक्षाभूमीच्या गावात राहतो न आपण, अंगावर काय घालायचं हे दुसऱ्याने ठरवणं काय असतं ते आपल्या आज्यांनी भोगलंय. ताईने वेण्या ठेवल्या, पण फोटोखालचं 'जंगली' काढून कॉर्नरोज लिहिलं.