वसुली रोख, साठवणूक उधार

कार्बन कराला शेतकरी विरोध करतात, तेव्हा त्यांना हवामानबदलाची पर्वा नाही असा अर्थ फार चटकन काढला जातो. मला तो पटत नाही. निरनिराळ्या देशांतील शेतकऱ्यांची निवेदने आणि संसदीय समित्यांपुढील साक्षी वाचताना हवामानशास्त्रावरचे आक्षेप मला क्वचितच आढळले. बहुतेक तक्रार हिशेबाची होती. इंधन जाळले की कर त्याच महिन्याच्या बिलात लागतो, पण त्याच शेतात मुरलेला कर्ब मात्र मोजणे अवघड आहे, तो टिकेलच याची खात्री नाही, अशी कारणे देऊन बाजूला ठेवला जातो. थोडक्यात, वसुली रोख आणि देणे उधार, असा हा व्यवहार त्यांना दिसतो.

कॅनडाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तेथे २०१९ मध्ये इंधनावर कार्बन आकार सुरू झाला, तेव्हा शेतीच्या डिझेल-पेट्रोलला सूट होती, परंतु धान्य वाळवण्यासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूला आणि प्रोपेनला नव्हती. नेमका त्याच वर्षी सुगीचा हंगाम ओला गेला. धान्यात ओलावा जास्त असेल तर कोठारात बुरशी धरते, म्हणून गरम हवेची वाळवणी यंत्रे रात्रंदिवस चालवावी लागली, आणि त्या बिलात कार्बन आकाराची वेगळी ओळ छापून आली. कर लावण्यामागचा विचार असा असतो की महाग झालेली वस्तू माणूस कमी वापरतो किंवा तिला पर्याय शोधतो. ओल्या धान्याला त्या हंगामात कोणता पर्याय होता? शिवाय कारखानदार वाढीव खर्च किमतीत मिळवू शकतो. शेतकऱ्याच्या मालाचा भाव मात्र दूरच्या बाजारात ठरतो, त्यामुळे कर त्याच्याच खिशातून जातो. वाळवणीच्या इंधनाला सूट देणारे विधेयक कॅनडाच्या संसदेत बराच काळ रेंगाळले, आणि शेवटी एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा हा इंधन आकारच शून्यावर आणण्यात आला.

जनावरांवरील कराची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तेथे प्रश्न इंधनाचा नसून रवंथातून बाहेर पडणाऱ्या मिथेनचा आहे. न्यूझीलंडच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनापैकी सुमारे निम्मे शेतीतून येते. तरीही २००३ मध्ये पशुधनावर सुचवलेला आकार तीव्र विरोधामुळे मागे घ्यावा लागला आणि २०२४ मध्ये शेतीला उत्सर्जन व्यापार योजनेतून, म्हणजे सोडलेल्या वायूपोटी परवाने घ्यायला लावणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर ठेवण्याचे सरकारने जाहीर केले. डेन्मार्कने त्याच वर्षी उलट दिशा धरली. तेथे २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर टनाला ३०० क्रोनर कर लागेल, २०३५ मध्ये तो ७५० होईल. मात्र ६० टक्के वजावटीमुळे प्रत्यक्ष भार १२० आणि ३०० क्रोनरच राहील. या करारावर शेतकऱ्यांच्या संघटनेचीही सही आहे. सगळे शेतकरी त्यावर खूश आहेत असे नाही, पण दर, वजावट आणि तारीख आधी कळल्यामुळे गोठ्यात आणि खाद्यात बदल करायला त्यांना वेळ मिळाला.

आता साठवणुकीकडे वळू, कारण शेतकऱ्यांच्या मागणीतील सर्वांत जोरकस आणि माझ्या मते सर्वांत नाजूक भाग तोच आहे. ‘आमच्या शेतात साठलेला कर्ब आमच्या करातून वजा करा,’ ही मागणी ऐकायला अगदी न्याय्य वाटते. मी काही हंगाम मातीचे नमुने काढण्याचे काम केले आहे, त्यामुळे ‘साठलेला’ या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. एक हेक्टर शेतातील ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीचे वजन, घनता घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली, तर सुमारे ३,९०० टन भरते. सेंद्रिय कर्ब १.० टक्क्यावरून १.१ टक्क्यावर गेला, म्हणजे ३.९ टन कर्ब वाढला आणि कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे १४ टन. पण एकाच शेतात दहा पावलांच्या अंतराने नळी ठोकली, तर दोन नमुन्यांत ०.१ टक्क्याहून मोठा फरक सहज निघतो. एका ठिकाणी धसकटांचा पुंजका, दुसऱ्या ठिकाणी पाणी वाहून नेलेला उतार. म्हणून अनेक नमुने काढावे लागतात, खडे चाळून वेगळे करावे लागतात, घनता स्वतंत्रपणे मोजावी लागते, आणि हा सगळा खर्च लहान शेतकऱ्याच्या क्रेडिटची, म्हणजे साठवलेल्या टनामागे मिळणाऱ्या आणि कारखान्यांना विकता येणाऱ्या प्रमाणपत्राची, रक्कम खाऊन टाकू शकतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातींत सहसा येत नाही. मातीतील टिकाऊ सेंद्रिय पदार्थात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण बारास एक असते. म्हणजे ते ३.९ टन कर्ब बांधून ठेवायला सव्वातीनशे किलो नत्र त्या मातीत अडकावे लागते. ते खतातून आणले, तर टाकलेल्या नत्रापैकी सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो असे ढोबळमानाने धरतात, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. शेंगवर्गीय पिकांचा आधार घेतला तर गणित बरेच सुधारते. तरीही एका खात्यात जमा दाखवताना दुसरे खाते उघडावेच लागते.

आधीपासून नीट शेती करणाऱ्यांची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. क्रेडिट फक्त नव्या, जादा साठवणुकीला मिळते, हा नियम. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हिमतीवर नांगर सोडून शून्य मशागतीकडे वळलेल्याच्या हाती काही पडत नाही, आणि काल-परवापर्यंत जमीन उलथत राहिलेला शेजारी पात्र ठरतो. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताने यावर एक व्यवहार्य तोड काढली होती: त्या भागात किती क्षेत्रावर ही पद्धत आधीच रुळली आहे ते प्रमाण कापून घ्यायचे आणि उरलेले क्रेडिट जुन्या-नव्या सर्वांना द्यायचे. शास्त्रीय काटेकोरपणा थोडा सैल झाला खरा, पण लोक योजनेत टिकले.

क्रेडिटच्या बाजारभावाचा अनुभव मात्र कटू आहे. शिकागो येथील स्वेच्छा कार्बन बाजारात २००८ मध्ये टनाला सात डॉलरच्या वर गेलेला दर २०१० पर्यंत काही सेंटांवर आला आणि बाजार बंद पडला. ज्यांनी नांगर न चालवण्याचा करार केला होता, त्यांना एखाद्या तणाने थैमान घातलेल्या वर्षीही तो पाळायचा होता. साठवलेला कर्ब एका खोल नांगरणीत किंवा लागोपाठच्या दुष्काळात बराचसा परत जाऊ शकतो, आणि जमिनीची साठवणक्षमताही काही दशकांत भरून येते. इंधनाच्या धुराला अशी मर्यादा नसते. म्हणून या साठ्यावर कोणा कारखान्याचे कायमचे उत्सर्जन माफ करणे मला चुकीचे वाटते. गोदामाचे भाडे जसे माल आत आहे तोवर मिळते, तसे कर्ब जमिनीत आहे तोवर दरवर्षी सरकारी तिजोरीतून पैसे मिळावेत, आणि कराचा हिशेब त्यापासून वेगळा ठेवावा. करातून वजावट मागणाऱ्या शेतकऱ्यांना ही सूचना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

ऑस्ट्रेलियात साठवणुकीच्या प्रकल्पाला २५ किंवा १०० वर्षांचे बंधन निवडावे लागते. २५ वर्षांचे निवडले तर क्रेडिटमधून २० टक्के कापले जातात. पण जगात कितीतरी जमीन खंडाने कसली जाते आणि तो खंड दोन-तीन वर्षांनी नव्याने ठरतो. आच्छादन पीक पेरणारा, धसकटे राखणारा, नळी ठोकताना माझ्या शेजारी उभा राहणारा माणूस बऱ्याचदा हाच खंडकरी असे, आणि पुढच्या हंगामात तो त्या बांधावर असेल की नाही हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसे.