मेंढ्याची गाडी आणि आमचं गॅदरिंग

डिसेंबर उजाडला की कोल्हापूरच्या आमच्या शाळेत गॅदरिंगचं वारं सुटतं. पहिल्या दिवशी रांगोळी आणि विज्ञान प्रदर्शन, दुसऱ्या दिवशी आनंदमेळा आणि शेलापागोटे, तिसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ, रात्री नाटुकली. मी या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत प्रदर्शन माझ्याकडे होतं. ज्वालामुखी, सौरचूल, ठिबक सिंचन ही मंडळी दरवर्षी हजर असायची आणि मुलं ती जीव तोडून करायची. पण गावातली माणसं, रिक्षावाले, उद्यमनगरातले टर्नर जिना चढून वर यायचे ते कोपऱ्यातल्या एका टेबलासाठी. त्यावर पुठ्ठ्याची पाटी असायची : ‘अण्णांची गाडी. यंदाचं काम.’

अण्णा आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन आले, शिवाजी उद्यमनगरात फौंड्री टाकली, आयुष्यभर ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे भाग ओतले. साठी उलटल्यावर कारखाना मुलाच्या हाती दिला आणि करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळातून १९५० सालची डॉज किंग्जवे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली. चिपाडाच्या ढिगामागं ती वर्षानुवर्षं विटांवर उभी होती. घरच्यांनी कपाळाला हात लावला. अण्णांनी त्याच आठवड्यात शाळेत येऊन मला विचारलं, “बाई, गॅदरिंगला एक टेबल मिळंल काय?”

गाडी पुरी झाली की दाखवू, असं ते म्हणाले नाहीत. मला त्यांचं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. माणसं पूर्ण झालेली वस्तू पुढे करतात. अण्णांनी गंज, भोकं, तुटके आटे सगळं पहिल्या दिवसापासून पोरांपुढे मांडलं आणि पुढे दरवर्षी मांडत राहिले.

गाडी अमेरिकन खरी, पण आपल्या मातीशी तिचं नातं जुनं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. त्याआधी जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, पण ती परदेशी कंपनीची शाखा. किंग्जवे हे नाव तर अमेरिकेबाहेरच्या बाजारासाठी ठेवलेलं. अंगानं गाडी प्लायमाउथ आणि तोंडानं डॉज. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात आपण शिकलो त्यांच्याच कारखान्याशी आपल्या गाडीचं नातं आहे, याचं अण्णांना भारी अप्रूप. टेबलावर वालचंदशेठचा छोटा फोटो कायम असायचा, त्याला ते झेंडूचं एक फूल वाहायचे.

पहिल्या वर्षी टेबलावर गाडीचं ओळखू येईल असं काहीच नव्हतं. वर्तमानपत्रावर हातभर लांबीची, गंजून चाळण झालेली एक चपटी पत्र्याची नळी, तीही तीन तुकड्यांत. शेजारी तशीच नवीकोरी पितळी नळी. आठवीची पोरं घोळका करून उभी राहिली आणि अण्णांनी सांगायला सुरुवात केली.

या इंजिनात सहा सिलिंडर एका ओळीत असतात. व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, आताच्या गाड्यांसारखे वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात नसतात, खाली ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, सिलिंडरच्या बगलेला असतात. त्यामुळे हेड म्हणजे नुसती सपाट लोखंडी लादी. पाण्याचा पंप पुढच्या टोकाला. पुढच्या सिलिंडरला गार पाणी आयतं मिळतं, पण मागच्यांपर्यंत ते पोचवायला ब्लॉकच्या पोटातून ही नळी पार मागपर्यंत जाते आणि एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या जवळ जवळ तिला भोकं असतात. नळी बाहेरून दिसत नाही. ती सडली तरी गाडी चालते, रेडिएटरला हात लावला तर फारसं काही जाणवत नाही, आणि आत मागचे व्हॉल्व्ह भाजत राहतात.

“पाणी पुढनंच माघारी फिरतंय, मागं पोचंना,” अण्णा म्हणाले, “मग मागचा व्हॉल्व्ह जळणार न्हाई तर काय?”

ती नळी काढायला रेडिएटर उतरवावा लागतो, पंप उतरवावा लागतो, मग भोकातून आकडा घालून ओढायची. अण्णांची तुटून तुटून आली. नवी करताना भोकं नेमकी कुठं पाडायची हा प्रश्न होता. त्यांनी तुकडे ओळीनं मांडले, वर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासून छाप घेतला. आमच्या चित्रकलेच्या सरांनी पोरांना नाण्याचा आणि पिंपळपानाचा छाप घ्यायला शिकवलेलंच होतं. त्या दिवशी निम्म्या वर्गानं त्या सडक्या नळीचे छाप वहीत घेतले. इंजिन गरम का होतं, हे मी पुढे कधी फळ्यावर शिकवलं नाही. त्या वह्याच काढायला लावायचे.

मधली काही वर्षं पत्र्याच्या कामात गेली. डेंटर, पेंटर, कुशनवाला, त्यांच्या तारखा आणि त्यांची नाराजी, हे गाडी करणाऱ्या कुणालाही नवं नाही. दरवाज्याच्या रबरासाठी मुंबईचा चोरबाजार, मीटरच्या काचेसाठी पुण्याचा जुना बाजार, असं अण्णांचं भ्रमण चालायचं आणि सापडलेली वस्तू डिसेंबरात टेबलावर यायची. एका वर्षी काकूंचं आजारपण होतं. गाडीला हातही लागला नाही. तरी अण्णांनी टेबल मागून घेतलं, पाटी लावली, खाली खडूनं ‘काही नाही’ असं लिहिलं आणि दिवसभर तिथं बसून मागच्या कामांवरचे प्रश्न घेतले. त्या दिवशी टेबलाभोवतीची गर्दी कमी नव्हती, हे मला इथं मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

मेंढ्याचं वर्ष मात्र सविस्तर सांगायलाच हवं. डॉजच्या बॉनेटवर धावून जाणारा मेंढा असतो, क्रोमचा. आमच्या गाडीवर त्याची नुसती दोन भोकं उरली होती. अण्णांनी पुण्यातल्या एका दोस्ताच्या गाडीवरचा मेंढा चार दिवसांसाठी मागून आणला. फौंड्री घरचीच, तेव्हा मला वाटलं, वाळूत दाबायचा, साचा घ्यायचा, पितळ ओतायचं. अण्णा हसले. वितळलेला धातू गार होताना आकसतो. पितळ शेकडा दीडच्या आसपास. मूळ मेंढ्यावरूनच साचा घेतला तर नवा तेवढा लहान निघणार. दीड टक्का ऐकायला काहीच नाही, पण फूटभर लांबीत साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो आणि बॉनेटची भोकं जुळत नाहीत. म्हणून आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना करायचा, तोही तेवढा वाढवून. त्यासाठी पॅटर्न करणाऱ्याकडे वेगळी फूटपट्टी असते, जिच्या खुणाच त्या प्रमाणात लांब असतात. ती पट्टी आणि माझी कंपासपेटीतली पट्टी अण्णांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती. शून्याला दोन्ही जुळलेल्या, आणि टोकाकडे जाता जाता हळूहळू फारकत घेतलेल्या. पोरं वाकून वाकून बघत होती. त्यातलीच एक मुलगी पुढे पॅटर्नच्या कामात गेली. तिच्याविषयी सांगते.

मेंढा पितळेत ओतला, घासला, त्यावर निकेल आणि क्रोम चढवलं. एक छोटा पॅटर्न वेगळा करून अण्णांनी ॲल्युमिनियमचे वीतभर मेंढेही ओतले. तेव्हापासून विज्ञान प्रदर्शनात पहिल्या येणाऱ्याला ढालीबरोबर मेंढा मिळतो. ढाल शाळेत परत द्यावी लागते, मेंढा घरी राहतो. कोल्हापूर परिसरात किती घरांच्या शोकेसमध्ये तो उभा असेल! गाडीलाही मग सगळे ‘मेंढ्याची गाडी’च म्हणायला लागले. आमच्याकडच्या धनगर पोरांना तर ती आपलीच वाटायची.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते शाळेच्या मैदानावर. लोखंडी घोडीवर बसवलेलं इंजिन, पुढं रेडिएटर, बाजूला पाण्याचं पिंप, भोवती दोरी बांधून पोरांना लांब बसवलेलं. बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचं धन टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडायचं. वायरिंगवाल्या मेस्त्रींना ते पटेना. आपल्याकडं ऋण टोक अंगाला, असं ते ठासून सांगत होते. अण्णांनी क्रायस्लरची जुनी पुस्तिका काढून दाखवली तेव्हा त्यांनी हात जोडले. मोटारीचं अंग म्हणजे परतीची सामाईक वाट, त्या वाटेला कुठलं टोक जोडायचं हे करणाऱ्यानं ठरवायचं, एवढाच तो मामला. वायरी मात्र मनगटाएवढ्या जाड वाटाव्या अशा. आताच्या गाड्यांच्या बारा व्होल्टांच्या मानानं व्होल्ट निम्मे, म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट. दहावीच्या वर्गाला त्या दिवशी विद्युतशक्तीचं सूत्र डोळ्यांनी दिसलं.

दोन-तीन आचके बसले आणि इंजिन लागलं. साडेतीन लिटरच्या वरचं इंजिन, पण आवाज इतका खालच्या पट्टीतला की मागच्या रांगेतल्या पोरांना ते चालू झालंय हे कळायलाच वेळ लागला. मग जो गलका उठला, तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला.

त्या संध्याकाळी भडंग आणि चहावर मोठा वाद झाला. गावातले जाणते म्हणत होते, पेट्रोल परवडायचं नाही, डिझेल इंजिन टाका. आपल्याकडच्या कितीतरी अमेरिकन गाड्यांची तीच गत झाली, वरून डॉज आणि आत मॅटाडोरचं इंजिन. अण्णा शांतपणे म्हणाले, मग ती गाडी राहते, डॉज राहत नाही. मी अण्णांच्या बाजूनं होते, आजही आहे. ज्यांनी पोटापाण्यासाठी गाडी चालवली त्यांनी डिझेल टाकलं, त्यांना बोल लावायचा नाही. पण जिच्यावर कुणाचं पोट अवलंबून नाही अशा गाडीतून तिचं काळीज काढून टाकायला काय कारण?

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी प्रमुख पाहुणे मेंढ्याच्या गाडीतून शाळेत आले. कोल्हापूरला जुन्या गाडीचं कौतुक कुणी शिकवायला नको. दरवर्षी शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा सोन्याइतकीच तिच्यासाठी माणसं थांबलेली असतात. आमची मिरवणूक लहान, पण थाट तोच. पुढं लेझीम, मग झांजपथक, मग दांडपट्टा फिरवणाऱ्या आमच्या मुली, आणि मागं सावकाश येणारी हस्तिदंती रंगाची डॉज, वर चमकणारा मेंढा. बिंदू चौकाजवळ मागचं डावं चाक बसलं. एक पैलवान पालक धावून आले, पाना लावला आणि जोर करायला लागले. अण्णा खिडकीतून ओरडले, “थांबा मामा, उलटे आटे हायेत!” क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात, चाक फिरताना ते सैल पडू नयेत म्हणून. सोडायचे तर घड्याळाच्या दिशेनं फिरवायचे. मामांनी दिशा बदलली, बोल्ट अलगद सुटला, आणि गर्दीनं त्यांच्या नावानं चांगभलं केलं. चाक बदलेपर्यंत लेझीम एका जागी खेळत राहिली. पाहुणे गाडीतून उतरून स्टेपनी धरायला आले, हे मला फार आवडलं होतं.

पुढे २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचा नियम काढला, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरासह. अशा गाड्या रोजच्या वापराला नाहीत, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येतात. अण्णांनी तो नियम छापून आणून माझ्यापुढं धरला आणि ‘प्रदर्शन’ या शब्दावर बोट ठेवलं. आमचं गॅदरिंग कायद्यात बसलं म्हणून दोघांनाही आनंद झाला.

आता अण्णांचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत. गाडी चालवते ती पट्टीकडं वाकून बघणारी मुलगी. उद्यमनगरात तिचं स्वतःचं पॅटर्नचं दुकान आहे. स्टिअरिंगवरचा गिअर ती असा टाकते की अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात. टेबलाचं कामही आता तीच बघते. मी निवृत्त झाले तरी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी जाऊन पुठ्ठ्याची पाटी मीच लिहिते, तो हक्क मी सोडलेला नाही.

यंदाचं काम पेट्रोल पंपाच्या पडद्याचं आहे. हा पंप इंजिनच्या कॅमवर, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याच्या धक्क्यावर चालतो आणि त्यातला रबरी कापडाचा पडदा वर-खाली होऊन पेट्रोल ओढतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. कुठला पडदा टिकतो हे बघायला तिनं वर्कशॉपमध्ये वेगवेगळ्या रबराचे तुकडे घट्ट झाकणाच्या बरण्यांत बुडवून ठेवलेत. नववीची पोरं दर शनिवारी जाऊन तुकड्यांची जाडी मोजतात आणि वहीत लिहितात. काळ्या झाकणाच्या बरणीतला तुकडा आत्ताच फुगलाय, निळ्या झाकणाचा अजून तग धरून आहे. अण्णांनी निळ्यावर भडंगाची पैज लावली आहे. मी तिसऱ्या बरणीवर लावली आहे. निकाल गॅदरिंगच्या पहिल्या दिवशी, सकाळी दहाला, नेहमीच्या कोपऱ्यात.